नवव्या फोननंतर

रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनचा सर्व्हर किती कॉल पेलेल, याचं गणित तिनंच मांडलं होतं. कंटाळून फोन ठेवणारा माणूस रांगेतून कायमचा गेला, असं तिनं त्यात धरलं होतं. प्रत्यक्षात माणसं पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली, रांग फुगत गेली आणि सोमवारी सर्व्हर आडवा झाला.

त्याच सोमवारी तिचे बाबा घरी एकटे असताना गेले. "हेल्पलाइनला एक फोन करायला काय धाड भरली होती या हट्टी माणसाला!" म्हणून ती आठवडाभर धुमसत होती.

आज साहेबांनी त्या दिवसाची कॉलची यादी तिच्यापुढे आदळली. बाबांचा नंबर तिला तोंडपाठ होता. यादीत तो नऊ वेळा होता.

नवव्या फोननंतर तिचं गणित बरोबर ठरलं होतं. बाबांनी पुन्हा फोन लावला नव्हता.