शून्य खाल्लेला मास्तर

मी बोकड बोलून राहिलो. पुसेगावच्या मल्हारीचा, दाढीवाला. माझ्या गोष्टीत एक सुरी हाय, एक बाई हाय, एक मिशी हाय. शेवटाला काय कापलं जातंय, वळखून दाखवा. हरलात तर मूठभर तुरीचा पाला माझा!

माझी माय मला जवळ करीना, तवा मालकीण सिंधूबाईनं बोळ्यानं दूध पाजलं. म्हणून मी बोळ्यानं दूध पितो असं समजू नका. कागद दिसला की खातो, म्हणून नाव पडलं मास्तर. पुंजाजीच्या पोराची लगीनपत्रिका खाल्ली, तर वरात एक दिस आदीच नवरीच्या दारात!

एक दिस दवाखान्याच्या आशाताई, निर्मलाबाई, आल्या. "वैनी, छातीचा फोटो काढायची गाडी आलीय. चला."

"काहून? मला ना गाठ, ना तकलीफ."

"गाठ लागल्यावर येता व्हय? चला मुकाट्यानं!"

फोटोत मिठाच्या कणीवानी बारके ठिपके निघाले. मंग हिंगोलीला तपासाया सुईनं तुकडा काढला. सिंधूबाईचं जेवण तुटलं. मल्हारीनं पिराला हात जोडले, "बायको बरी निघाली तर मास्तरला कापून कंदुरी करीन."

माझीच काहून? कोंबड्या काय मेल्या व्हत्या?

तुकड्याचा कागद आणाया मल्हारी एकलाच गेला. डॉक्टरीणबाईच्या दाराला रांग पाहून तसाच माघारी आला. कागद इंग्रजी. त्याला येतात फकस्त आकडे. आन् शून्य तर समद्या भाषेत गोलच.

"सिंधे, शून्य निघालं! काहीच न्हाई तुला!"

"डॉक्टरीण काय म्हणली?"

"तिला काय इचारायचं? हळदीच्या काट्यावर जिंदगी गेली माझी. शून्य म्हंजे पोत्यात काहीच न्हाई. खोटं निघालं तर मिशी काढीन!"

आन् बसला सुरी घासत. येत्या शुक्रवारी कंदुरी. कागद बाजूला दगडाखाली फडफडून राहिला व्हता. मी म्हणलं, मरायचंच हाय तर नाष्टा करून मरू. शिक्का खाल्ला, सही खाल्ली, शून्य बी खाल्लं. बिनचवीचं निघालं.

दुसऱ्या दिशी निर्मलाबाई हजर. "दावा कागद."

"मास्तरनं खाल्ला," मल्हारी म्हणला. "पण काळजी न्हाई, शून्य व्हतं."

निर्मलाबाईचं तोंडच उतरलं. "शून्य? चला आत्ताच हिंगोलीला, दुसरा कागद काढू. वैनी, तुमी बी चला."

सांजच्याला तिघं आले. सिंधूबाई माझ्या जाळीपाशी बसली आन् बोलली, "डॉक्टरीणबाई काय म्हणली ते मला पुन्हा सांगा, निर्मलाताई."

"ही बोकडाची जाळी म्हंजे छातीतली दुधाची नळी समजा. आतली जनावरं, म्हंजे पेशी, बिघडलीत, पण जाळी तोडली न्हाई. म्हणून कागदावर पायरी शून्य. कॅन्सरच हाय, पण जागच्या जागी."

"मंग राहू द्या की आत!" मल्हारी.

"काही जनम काढतात आत. पण कोणतं जाळी तोडंल, वरून कळत न्हाई. म्हणून आतच धरायचं."

समदे माझ्याकडंच पाहून राहिले. काहून बरं?

"समदी छाती काढतील का?" सिंधूबाईनं हळूच इचारलं.

"ठिपके लई जागी असते तर काढावी लागली असती. तुमचं थोडक्यात हाय."

बराबर तसंच झालं. तेवढाच तुकडा काढला. मंग नांदेडला तीन हप्ते मशिनीखाली किरणांचा शेक. आता पाच वर्सं रोज एक गोळी. छाती राहिली, बाई राहिली.

मल्हारीनं पुन्हा सुरी काढली, तर ती म्हणली, "गोळ्या संपल्यावर कंदुरी. पिराला उतावळेपणा चालत न्हाई." तवापासून गोळीच्या टायमाला मीच बोंबलतो. एक बी चुकू देत न्हाई! पाच वर्सांनी माझं मटण म्हंजे जुनी चप्पल.

बायांनो, गाठीची वाट पाहू नका, फोटो काढा. बाप्यांनो, कागदावरचं कळलं न्हाई तर रांगंत उभं राहून इचारा. मला तर वाचताच येत न्हाई, तरी वाचलो. आन् कागद खाल्ला म्हणून डॉक्टरीणीपाशी जावं लागलं, तवा माझ्या पायी ती बी वाचली.

हां, शेवट राहिला. सिंधूबाई नांदेडहून आली त्याच दिशी कातर घेऊन बसली. "बोलला व्हता न्हवं? या इकडं."

तीस वर्सं तेल पाजलेली मिशी! मल्हारी डोळे मिटून बसला, आन् कचाकच दोन्ही आकडे खाली.

ते बी मीच खाल्ले.