तेजराम गुरुजींची रजा

आमच्या पोर्टलला माणूस मेलेला कळत नाही. आपल्याला सांगावं लागतं, तेही त्याने दिलेल्या खान्यात आणि त्याने दिलेल्या तारखेच्या आत. कोणत्या शाळेत कोण शिकवतं, कधी रुजू झालं, मुलं किती, हे सगळं राज्याला या पोर्टलवरूनच कळतं. मी श्रद्धा, वारासिवनीजवळच्या एका शाळा-संकुलात बसून ही माहिती भरते. एकोणीस शाळा माझ्याकडे आहेत आणि एकोणीसही शाळांचे गुरुजी मला शेवटच्या दिवशीच फोन करतात. त्याआधी कोणाचा आला तर मला काळजी वाटते, याची तब्येत तर बरी आहे ना.

जुलैतल्या त्या सकाळी वरून एक यादी आली. ज्या शाळेत एकही शिक्षक नाही तिथे जवळपासच्या दोन शिक्षकांच्या शाळेतून एकाला पाठवायचं. दोघांत जो नंतर रुजू झाला, तो जाणार. माहितीत दुरुस्ती असेल तर पाच वाजेपर्यंत करा, नाव आपोआप गळेल. त्यानंतर यादी पक्की. सातव्या ओळीवर नाव होतं अनुसया मॅडमचं. टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, प्राथमिक शाळेतून त्यांना उकव्याच्या पलीकडे, जंगलातल्या शाळेत जायचं होतं.

मी कपाळाला हात लावला. टोल्याच्या शाळेत दोन शिक्षक आले कुठून? तेजराम गुरुजी दिवाळीनंतर वारले. त्यांच्या तेरवीला मी स्वतः जेवून आले होते. पण पोर्टलवर गुरुजी पहिल्या नंबरावर ठणठणीत होते आणि नावापुढे लिहिलं होतं, ‘दीर्घ रजेवर’. म्हणजे जिवंत बाईला उचलून जंगलात धाडायचं आणि गेलेल्या माणसाच्या हवाली तेवीस मुलं करायची, असा एकूण बेत होता.

फोन केला तशी अनुसया मुलांचं जेवण आटोपून, त्यांना रसोईवाल्या मंजूबाईजवळ बसवून, स्कूटीवर आली. वयाने माझ्याएवढीच, तिशीची.

“ही रजा कोणी टाकली?” मी स्क्रीन तिच्याकडे फिरवत विचारलं.

“मीच.”

“का?”

“वर्ष नाही झालं न मॅडम,” ती खाली बघत म्हणाली. “आमच्या इकडं वरसी होयेपर्यंत गेलेल्या माणसाचं काहीच हालवत नाहीत. काकूनं त्यायचा स्वेटरबी खुंटीवरून नाही काढला. अन् मी नावच काढून टाकू?”

“अहो, मग मला विचारायचं होतं!”

“इचारलं असतं तं तुमी काढ म्हटलं असतं.”

हे अगदी खरं होतं, त्यामुळे मला आणखी राग आला.

अनुसया याच शाळेत शिकलेली. तिला बाराखडी गुरुजींनी शिकवली, आणि नोकरी लागल्यावर तिने हट्टाने तीच शाळा मागून घेतली. शिक्षकांच्या हजेरी रजिस्टरात वरची ओळ मोठ्यांची असते. गुरुजी गेल्यावरही दर महिन्याला ती आधी त्यांचं नाव लिहायची, त्यांच्यापुढे रोज एक रेघ ओढायची आणि खालच्या ओळीत आपली सही करायची. हे सगळं तिने मला असं सांगितलं, जसं काही चोरी कबूल करते आहे. मला तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी यातलं काहीच केलं नाही. चहा मागवला.

“मी उकव्याले गेली तं शाळा बंदच समजा,” ती म्हणाली. “दुसरी शाळा नाल्याच्या पल्याड आहे. आईबाप पोट्ट्यायले एकटं पाठवणार नाहीत. पह्यले पोरी घरी बसतीन.”

“मग काढायचं नाव?”

तिने नकारार्थी मान हलवली. पण माऊस तिनेच हातात घेतला. कारणांची यादी उघडली: बदली, सेवानिवृत्ती, राजीनामा, मृत्यू. तिचा बाण राजीनाम्यावर बराच वेळ थांबला. मग एक ओळ खाली आला. मृत्यूच्या दाखल्याचा फोटो तिच्या फोनमध्ये होताच, तो जोडला. मला वाटलं, सुटलो.

स्क्रीनवर नवी पाटी आली. संबंधित कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो दहा मिनिटांत भरा.

संबंधित कर्मचारी म्हणजे तेजराम गुरुजी. कोणी कोणाचं नाव परस्पर उडवू नये म्हणून कोण्या शहाण्याने हा बंदोबस्त केला असणार, आणि करताना मृत्यूचा खाना काही त्याच्या डोक्यात आला नसणार. मेलेल्या माणसाची संमती! मी मदतीचा नंबर लावला तर तिथे गाणं वाजत राहिलं. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“त्यांचा नंबर बंद झाला असेल,” मी म्हणाले. आता मलाच रडू येईल असं वाटत होतं.

“नाही बंद. काकू रोज चार्ज करून ठेवते.”

तिने गुरुजींच्या बायकोला, जिजाबाईंना, त्यांच्या स्वतःच्या फोनवर लावलं आणि स्पीकर सुरू केला.

“काकू, गुरुजीचा फोन जवळ आहे का?”

“हौ, हातातच आहे. आत्ताच वाजला. म्हटलं, यायले कोणाचा मेसेज आला आज?” आवाजात कौतुक होतं. मी अनुसयाच्या पाठीवर हात ठेवला.

“त्यात सहा आकडे असतीन, काकू. एकेक करून सांगा.”

जिजाबाईंना अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. बिडीचे कट्टे मोजता यावेत म्हणून लग्नानंतर गुरुजींनीच शिकवले होते, असं त्या फोनवरच मला सांगायला लागल्या. स्क्रीनवर सेकंद पळत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता, तरी त्यांना थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

“चार,” त्या म्हणाल्या. मी चार टाकला. “सात. मंग पुन्हा चार. शून्य. दोन.”

मग त्या थांबल्या.

“काकू, अजून एक राह्यला.”

“दिसून राह्यला मले,” जिजाबाई म्हणाल्या. “अनु, हे काय होय? खरं सांगजो.”

अनुसयाने माझ्याकडे पाहिलं. तिने फोन तोंडाजवळ धरला. “काकू, शाळेच्या यादीत गुरुजीचं नाव अजून आहे. मी काढलंच नव्हतं. तुमी हा आकडा सांगतला का ते निघते.”

“वर्षाच्या आत?”

“हौ.”

पलीकडे घरात कुठेतरी कोंबडी ओरडली. माझ्यासमोर दोन मिनिटं शिल्लक होती.

“अन् नाही सांगतला तं?”

“तं मले उकव्याकडं धाडतीन. मग इथं कोणीच नाही.” अनुसया आता उघडउघड रडत होती. “तुमाले नाही वाटत तं नका सांगू, काकू. मी नाही म्हणणार काही.”

“सांगतला तं पोरायपाशी कोण राह्यते?”

“मी राह्यतो काकू. मीच राह्यतो.”

जिजाबाईंनी एक लांब श्वास घेतला. तो आम्हा दोघींना ऐकू आला.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “लिव पोरी. नऊ.”