मीटरच्या बगलेतली पट्टी

हरिदासभाऊला चंचल पहिल्या दिवसापासूनच पटली नव्हती. चिचटोल्याच्या सोलर खोलीची देखरेख गावानं त्याच्यावर सोपवलेली, आणि गडचिरोलीहून एसटीनं येणारी ही तंत्रज्ञ पोरगी त्याला न विचारता कपाट उघडायची. त्यात थंडी सुरू झाल्यापासून गावाची जेवणं उरकायच्या आत बॅटऱ्या मान टाकू लागल्या होत्या. वीज जात होती तरी कुठं?

मागच्या खेपेला तर तिनं मीटरलाच हात घातला. दहा अँपियरपर्यंतचा साधा काट्याचा मीटर तो. संध्याकाळी काटा शेवटाला जाऊन टेकायचा आणि डबी तापायची. तिनं मीटरच्या दोन्ही टोकांना पितळी रंगाची एक पट्टी जोडली.

"आता काटा जे दाखवीन त्याच्या पाचपट धराचं, भाऊ," ती म्हणाली.

तेव्हापासून भर संध्याकाळीही काटा सहाच्या वर जाईना. हरिदासच्या मनात पाल चुकचुकली. वरोऱ्याला मजुरीला असताना त्यानं मीटरला बगल देऊन वीज ओढणारे पाहिले होते.

"पाचपट धरा म्हणते," तो शेजारच्या पत्रूला म्हणाला. "म्हंजे चार हिस्से पट्टीतून कोणाच्या घशात चालले?"

पत्रूनं ती गोष्ट गावभर केली. दोघातिघांनी तर पुढच्या खेपेला तिला जाबच विचारायचं ठरवलं. पण त्याआधी हरिदासला पुरावा हवा होता. एका संध्याकाळी घराघरांत टीव्ही लागलेले असताना त्यानं पत्रूला सोबत नेलं आणि पट्टीचा स्क्रू ढिला केला.

पट्टी सुटताच काटा ताडकन शेवटाला आदळला. जळका वास आला, आधीच तापून कमजोर झालेल्या डबीतून धूर निघाला आणि अख्खं गाव काळोखात बुडालं.

दुसऱ्या दिवशी चंचल आली. तिनं जळका मीटर पाहिला, सुटी पट्टी पाहिली, हरिदासकडे पाहिलं.

"धानाच्या बांधीत पाणी सोडता तवा मोठ्या पाटानं जास्त जाते, लहान चरानं थोडं," ती नवा मीटर बसवत म्हणाली. "चराचं मोजलं का पाटाचं समजते. मीटर म्हंजे चर, पट्टी म्हंजे पाट. पुढं दोन्ही पाणी एकाच बांधीत जाते. तुमी पाट बुजवला, सारं पाणी चरात घुसलं."

"मंग बॅटऱ्या काऊन बसून राह्यल्या?" हरिदास चिडून म्हणाला.

"तेच पाहू."

पट्टी जोडून तिनं लाईन चालू केली. भर दुपार, बहुतेक गाव शेतावर, एकही टीव्ही चालू नाही. तरी काटा तीनवर! म्हणजे पंधरा अँपियर. दारात जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. चंचल एकेका घराचा खटका पाडू लागली. सोमारीचा पडला, पत्रूचा पडला. काटा जागचा हलला नाही. मग तिनं हरिदासच्या घराचा खटका पाडला आणि काटा शून्यावर आला.

हरिदास तसाच घराकडे निघाला आणि लोक त्याच्या मागं. गोठ्याच्या मागच्या बंद खोपटात त्याच्या मुलानं, धनराजनं, कोंबड्यांची पिल्लं पाळली होती. त्यांना ऊब मिळावी म्हणून मोठमोठ्या दिव्यांची रांग टांगलेली होती.

"तुमच्याच घरच्याले कोण इचारते, असं वाटलं, बाबा," धनराज खाली मान घालून म्हणाला.

"आता समजलं," पत्रू मोठ्यानं म्हणाला, "पट्टी काऊन काढली ते! मले सोबत नेलं ते साक्षीले. मीटर जाळला का लेकाची चोरी झाकली!"

हरिदास पुढं झाला. शपथ घ्यावी, तर ती मानणार कोण?

"नाई," चंचल म्हणाली. "चोरी झाकाची असती तर ह्याइनं पट्टी तशीच ठेवली असती. तिच्यामुळंच तर काटा खाली दिसत होता."

काही जणांनी मान डोलावली. पत्रूनं नाही. तो थुंकला आणि निघून गेला.

हरिदासनं दिव्यांच्या वायरी स्वतःच्या हातानं काढल्या. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, चुलीतले निखारे घमेल्यात भरून आणले, पिल्लं घमेल्याभोवती गोळा झाली. एसटीची वेळ झाली तसा हरिदास चंचलला सोडायला फाट्यापर्यंत गेला. वाटेत ओट्यावर बसलेल्या माणसांच्या गप्पा तो जवळ येताच थांबत होत्या आणि तो पुढं गेला की पुन्हा सुरू होत होत्या.