एकही उंबरा सुटता कामा नये

माघाची संध्याकाळ. करडईच्या पिवळ्याजर्द फुलांवर कलते ऊन, शाळूच्या भरल्या कणसांवर कलते ऊन, आणि नदीकाठच्या त्या एकुलत्या छपरावरही तेच निर्मळ, सुवर्णकांत ऊन. उन्हाला कुणाचे घर वगळता येत नाही.

त्या गावालाही येत नसे. आनंदाचे पेढे वाटायचे, तर एकही उंबरा सुटता कामा नये, अशी तिथली रीत. मूल झाले, विहिरीला पाणी लागले, की परात निघे आणि वैऱ्याच्याही दारात थांबे. मोठी देखणी रीत!

त्याच रीतीने सोपानरावांची परात निघाली होती, लिंबाजीला फाशी झाली त्या दिवशी.

सोपानरावांची लेक वैजयंता, हसरी, हरिणचपला वैजयंता, ओढ्याकाठी मारलेली सापडली होती. संशय लिंबाजीवर गेला, साक्षी जुळत गेल्या, आणि फाशीच हवी म्हणून बाप प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसला. फाशी झाली. गावाने गुलाल उधळला. परात दारोदार फिरली. आणि तो सवयीचा हात, आंधळा हात, गोडव्याने चिकटलेला हात एका म्हातारीपुढे झाला. "तोंड गोड करा."

मग त्यांनी वर पाहिले. ती लिंबाजीची आई होती, भागाक्का. दिलेले परत घेता येईना. तिने पेढ्यावर मूठ मिटली आणि ती आत गेली.

वैजयंता काही परत आली नाही. सोपानरावांची झोपही आली नाही.

आणि आता परगावी पकडलेल्या एका चोराकडे वैजयंताचे पैंजण सापडले आहेत. खून आपणच केला, असे तो कबूल करून बसला आहे. गाव माना खाली घालून आहे. लाज वाटते, वाटायलाच हवी. दोर सरकारचा होता, पण टाळ्या गावाच्या होत्या.

त्या कलत्या उन्हात सोपानराव भागाक्काच्या छपरापाशी आले. क्षमा मागायची होती, पण तीच आधी बोलली.

"बसा दादा. लई लांबनं चालत आल्यावानी दमलायसा."

"आक्का, मला शिव्या द्या. थुंका माझ्या तोंडावर."

"शिव्या देऊन माझा लिंबा येतोय व्हय?" ती संथपणे म्हणाली. "कोंडून ठिवला असता, तर आज दार उघडलं असतं. मी पेढं वाटलं असतं, दादा. तुमच्याबी घरी."

मग ती उठली. दारी आलेल्याला गूळपाणी दिल्यावाचून धाडू नये, हीही तिथलीच रीत. तांब्या ठेवला, आणि गुळाचा खडा त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला, त्याच तळव्यावर.

ऊन करडईवरून उतरले, शाळूवरून उतरले, छपरावरून उतरले. घामेजल्या तळव्यात गूळ पाझरत राहिला, बोटांच्या बेचक्यांतून ओघळत राहिला. आणि सोपानरावांना तो तोंडात घालवेना, टाकवेना.