घोट्यावरचे चार मण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. गुडघ्याखालचा, तेवढाच. कुणा लंगड्याचा असेन असं तुम्हाला वाटेल, पण मी कधी कुणाच्या अंगाला लागलो नाही. मला हिशेबासाठी केलं होतं, आणि तो हिशेब चुकला. आठ वर्षं माळ्यावर पडल्या पडल्या तेच मला खात राहिलं आहे.

बोदलकशाजवळच्या गावात जागेश्वर गुरुजी शाळेवर होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं, देवकाबाईनं, लोकांचं धान ढेकीवर पायानं कांडून त्यांना शिकवलं. सन बावन्नच्या उन्हाळ्यात सागाचा ओंडका गडगडत तिच्या पायावर आला. टाचेमागची जाड शीर तुटली, घोटाही दुखावला. सूज उतरली, पण पायात जोर येईना. ढेकीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं मुसळाचा दांडा दाबावा लागतो.

"मले ढेकीवर उभं राहता येईन का रे?" ती रोज विचारी.

तुटलेल्या शिरेच्या जागी बाहेरून, पोटरीपासून टाचेपर्यंत, चामड्याचा पट्टा लावायचं गुरुजींनी ठरवलं. पण पट्ट्यावर ताण किती येईल? ते मोजायला त्यांनी उदाराम सुताराकडून मला घडवून घेतलं. मापं देवकाबाईच्याच पायाची. घोट्यापासून चवड्यापर्यंत सहा बोटं, घोट्यापासून मागच्या शिरेपर्यंत दोन. घोट्यात लाकडी खुंटी. मला चवड्यावर उभं करून माथ्यावर तिच्या वजनाइतकं एक मण धान ठेवलं, आणि टाचेच्या दोरात ताणकाटा अडकवला. काटा तीन मणांवर गेला. सहाला दोन, म्हणजे तिप्पट. गुरुजींना किती आनंद झाला!

मग दोराच्या जागी पट्टा लावून तोच भार पुन्हा पुन्हा चढवला. पट्टा टिकला, पण माझी खुंटी पिचली.

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! माथ्यावर एक मण, शिवाय पोटरीला खाली खेचणारी पट्ट्याची तीन मणांची ओढ, असे चार मण माझ्या घोट्यात दाबले जात होते. पट्टा मोजला, घोटा कुणी मोजलाच नाही.

"खुंटीच कच्ची निघाली, गुरुजी," असं म्हणून उदारामनं तिथं लोखंडाची कांब ठोकली. मग मी तसूभर हललो नाही. सगळ्यांनी माझी वाहवा केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तो पट्टा पायाला बांधून तीन दिवस देवकाबाईनं धान कांडलं. चौथ्या दिवशी ती ढेकीवरच खाली बसली. पट्टा शाबूत होता. आतला दुखरा घोटा चुरला होता.

गुरुजींनी पाटीवर तीन अधिक एक मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. त्यांचा हात थांबेना.

"काऊन रडून राहिलास? तुझा पट्टा कुठं तुटला?" देवकाबाई त्यांना समजावत होती. "माझंच हाड कच्चं होतं."

गुरुजी उठून बाहेर गेले. त्याच दिवशी मी माळ्यावर आलो.

पोरांनो, हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत. काही मोडलं तर लगेच कच्चं ठरवून मजबूत तुकडा ठोकू नका. त्याच्यावर किती भार पडत होता, ते आधी विचारा. मोडण्यावाचून सांगायची दुसरी रीत आमच्याकडे नाही. देवकाबाई आता पडवीत बसून तांदूळ निवडते, आणि दिवे लागले की गुरुजी तिला उचलून आत नेतात.