नंतरची तारीख

वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकेका तारखेवर बोट टेकवलं.

"मृत्युपत्र नऊ वर्षांपूर्वीचं. लग्न या मार्चमधलं. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, मॅडम. कायदाच तसा आहे."

युएट मुईनं पुन्हा विचारलं नाही. नीट ऐकू आलं होतं. इपोह शहरातल्या त्या घरात ती काम वेंग या आपल्या जोडीदाराबरोबर बावीस वर्षं राहिली, लग्नावाचून. मृत्युपत्रात त्यानं घर तिच्या नावे केलं होतं. शेवटच्या आजारात मात्र त्यानं तिच्याशी लग्नाचा ध्यास घेतला. पहिल्या बायकोचा मुलगा जिट हाव त्याला चाकाच्या खुर्चीतून नोंदणी कार्यालयात घेऊन गेला. सही करताना कारकुनानं त्याच्यासाठी कागद दाबून धरला. दीड महिन्यानं तो गेला.

"मग आता?"

"घराचा एक हिस्सा तुमचा. दोन हिस्से मुलाचे."

जिट हाव शेजारीच बसला होता. क्वालालंपूरहून पहाटे निघालेला, डोळे लाल. "मीच मागं लागलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, सगळं पक्कं होईल. लोक आंटींना बोलणार नाहीत."

"लोक बोलून बोलून केव्हाच दमले."

"तुम्ही नाही म्हणायचं होतं, आंटी."

"बावीस वर्षं तेच म्हणत होते. एकदाच हो म्हटलं."

वकीलबाई हसू दाबत खोकल्या. मुलानं हक्क सोडला तर घर पूर्ण तुमचं, त्या म्हणाल्या. पण ती सही खालच्या मजल्यावरच्या शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे व्हायला हवी. ते जेवायला गेलेत. दोनला येतील.

जिट हावनं घड्याळ पाहिलं. युएट मुईला त्याचा संसार ठाऊक होता: बायको, दोन मुली, भाड्याची जागा. दोन हिस्से त्याला हवेच असणार. आणि ते सोड म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

समोरच्या दुकानात त्यानं न विचारता तिच्यासाठी उकडलेली कोंबडी आणि मुगाचे जाड कोंब मागवले.

"तुला परतायला उशीर होईल, आ हाव," ती त्याच्या घरातल्या नावानं म्हणाली.

"झालाच आहे." त्यानं ताटली तिच्याकडे सरकवली. "छत गळायला लागलं की बादली कुठं ठेवायची, मला माहीत आहे का?"

"दोन ठिकाणी. न्हाणीच्या दारात, आणि तुझ्या बाबांच्या खाटेपाशी."

"बघा. मी ते घर घेऊन काय करू? दोनपर्यंत बसू."

तिनं जेवणाच्या काड्या उचलल्या. दोन वाजायला पाऊण तास होता.