एकट्याने कोणी पीत नाही

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या कोंबड्यांचा दाणा आहे. सकाळ-संध्याकाळ एक पत्र्याचा डबा येतो आणि मला खरवडून जातो. बाकी वेळ मी असतो आणि उंदीर असतात.

मी एक जुना तनोआ आहे, म्हणजे यांगोना कालवायचं लाकडी भांडं. कंबारा बेटावरच्या एका म्हाताऱ्याने वेसीच्या खोडातून वाकसाने मला अख्खा कोरला. चार पाय, पोट, कड, कुठेही सांधा नाही. विलिकेसा कोळ्याची आई कांदावू बेटावरून राकीराकीच्या किनाऱ्याला लग्न होऊन आली, तेव्हा तिच्यासोबत मीही आलो. यांगोना म्हणजे एका झुडपाचं मूळ. त्याची पूड फडक्यात बांधून माझ्यातल्या पाण्यात पिळायची, करवंटीने वाढायची. चवीला म्हणाल तर माती. तरी लोक जीव टाकतात, कारण एकट्याने कोणी पीत नाही. घेणारा एक टाळी वाजवतो, करवंटी एका दमात रिकामी करतो, आणि मग सगळे मिळून तीन टाळ्या वाजवतात. टाळीला टाळी द्यायला समोर माणूस लागतो.

माझ्यासमोर तीन माणसं बसत. मासे धरणारा विलिकेसा, ऊसवाला रामसमुझ आणि शिंपी याकूब. तिघांचा एकच धंदा, एकमेकांच्या देवाभुतांची मापं काढायची.

"आमचा डाकुवांगा अर्धा शार्क, अर्धा माणूस," विलिकेसा सांगे. "कांदावूला लुटायला गेला, तर तिथल्या अष्टपादीने त्याला आठ हातांनी असा आवळला की शरण आला. तेव्हापासून कांदावूच्या माणसाला शार्क शिवत नाही."

"बाईनेच आवळलं ना?" रामसमुझ मांडी थोपटे. "आमच्या हनुमानालाही समुद्रात सुरसा आडवी आली. तो अंगठ्याएवढा झाला, तिच्या तोंडात शिरून बाहेरही आला. तुझ्या शार्कला अक्कल कमी."

"आणि माझा युनूस माशाच्या पोटातून जिवंत आला," याकूब म्हणे.

"तो तर आमच्या बायबलातला योना!" विलिकेसा ओरडे.

"मग भांडतोस कशाला, विली? माणूस एक, मासा एक. तुझ्या पाद्र्याला विचार, माशाचा धर्म कोणता होता."

हसून हसून करवंटी सांडायची. तो काळ माझा होता. माझ्या पोटात निळसर राप चढला होता, आणि पाहुणे त्यावर बोट फिरवून म्हणत, "याला म्हणतात तनोआ."

मग एकदा विलिकेसाचा मुलगा तोमासी मासेमारीला गेला आणि परतला नाही. वाऱ्याने होडी उलटवली असं कोणी म्हणालं. रामसमुझने किनाऱ्यावर नारळ फोडला. याकूबने पाण्यावाटेच्या प्रवाशांना सांभाळणाऱ्या ख्वाजा खिज्रच्या नावाने दुआ मागितली. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या विलिकेसाने आधी बायबल वाचलं, मग मला उचलून भरतीच्या रेषेवर नेलं आणि एक करवंटी डाकुवांगाला ओतली. तिघेही रडत होते. तेव्हा कोणी कोणाच्या देवाचं माप काढलं नाही.

तोमासी सापडला. दूरच्या बेटावरच्या कोळ्यांनी आणून सोडला. त्या संध्याकाळी तिघांनी मला पुन्हा पुन्हा भरलं.

"माझ्या नारळाने आला!"

"गप रे, नारळवाल्या. दुआ माझी होती!"

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पुढे गावात एक नवा उपदेशक आला. गळा मोठा, त्यावर भोंगा आणखी मोठा. त्याचा हिशेब सोपा होता. आमचे ते देवदूत, बाकीचे सगळे सैतान. समुद्रात एकटा मरता मरता वाचलेल्या पोराला असा सोपा हिशेब हवाच होता. तोमासी घरी येऊन बापाला म्हणाला, "ताता, तो तनोआ जाळायला द्या. त्यात सैतान बसतो. आणि ते दोघं आपल्याकडे नकोत."

"अरे, त्यांनी तुझ्यासाठी..."

"सैतानाकडेच मागितलं ना? ते राहतील नाहीतर मी राहीन."

एकदा हरवलेला मुलगा होता तो. विलिकेसाने मान खाली घातली. "तनोआला तडा गेलाय. कोंबड्यांच्या दाण्याला होईल."

माझ्या अंगावर तेव्हाही तडा नव्हता, आजही नाही.

रामसमुझ यांगोनाची पुडी घेऊन आला, तेव्हा तोमासी दारात उभा राहिला. "तनोआ फुटला. ताता झोपलेत." विलिकेसा आत टक्क जागा होता. उठला नाही. मला त्या भोंग्याचा नाही एवढा राग या न उठण्याचा आहे. भोंगा परका होता.

पाऊसकाळ गेला. एका सकाळी याकूब कुंपणापाशी आला. आत आला नाही.

"रामसमुझ गेला, विली. शेवटपर्यंत विचारत होता, विलीचा तनोआ खरंच फुटला का रे?"

विलिकेसाने खुराड्याकडे नजर टाकली. याकूब थोडा थांबला आणि वळून गेला.

त्याच दुपारी विलिकेसा माझ्या पत्र्याच्या खुराड्यात आला. दाणा गोणीत ओतला, मला धुतलं, पुसलं, यांगोना पिळली. तीन करवंट्या मांडल्या. एक टाळी वाजवली. पत्र्यावर ती केवढी मोठी वाजली!

"बोल, रामसमुझ," तो म्हणाला. "तिकडे कोण भेटलं? पंखवाला, शेपटीवाला, की याकूबचा तो बिनधुराच्या आगीचा जिन? का आता तूच त्यांच्यातला झालास?"

रामसमुझची करवंटी त्याने मातीत ओतली. आपली एका दमात प्यायला. याकूबची तशीच भरलेली राहिली. मग तो तीन टाळ्या वाजवायला लागला. पहिली वाजली, दुसरी वाजली, तिसरीला हातच उठेनात.

दारात तोमासी उभा होता. कधी आला कोण जाणे. त्याने बापाकडे पाहिलं, भरलेल्या करवंटीकडे पाहिलं. त्याचे हात वर आले, छातीपर्यंत आले, जवळ आले. मग त्याने ते खिशात घातले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्यात पुन्हा दाणा पडला.

मित्रांनो, दुसऱ्याच्या भुताला खुशाल हसा. त्याच्या शेपटीची मापं काढा, आपल्या पंखांची बढाई मारा. तेवढ्यासाठी बसायला मांडी लागते आणि मधे एक भांडं लागतं. ते भांडं कोणी जाळायला मागितलं तर देऊ नका. लपवूही नका. लपवलेल्या भांड्याचं काय होतं ते मी सांगतो आहे.

आणि पत्र्याआडून कधी दोनच टाळ्या ऐकू आल्या, तर तिसरी तुम्ही वाजवा.